डब्यातला उन्हाळा



परवा आमच्या चौथीच्या वर्गात एक गंमत झाली. एक जण चंद्रपूरला मामाकडे जाऊन आला होता. मामीनं रविवारी पास्ता शिजवून फ्रीजरमध्ये ठेवला आणि बुधवारी नुसता गरम करून वाढला. "मॅडम, पाच मिनिटांत जेवण तयार!" तो ऐटीत सांगत होता.

मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, "आमच्या घरी फ्रीज नाही जी."

दोघं-तिघं हसले. मला ते हसू टोचलं. मी तिलाच विचारलं, "रोवणीच्या दिवसांत आई सकाळीच बांधीत जाते. सुटीच्या दिवशी तू आणि भाऊ दुपारी काय खाता गं?"

"सरगुंडे. मायनं तेंदूपत्ता लागायच्या आधीच डबा भरून ठेवला. आजी उकळून देते."

आता सांगा, मामीच्या पास्त्यात आणि मायच्या सरगुंड्यात फरक तो किती? घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक वळी करायची, गुळगुळीत काडीवर गुंडाळायची, अलगद ओढून काढायची आणि वाळवायची. मधून पोकळ असल्यामुळे उकळतं पाणी आतूनही शिरतं आणि आमरस आतपर्यंत भरतो. इटलीतल्या पोकळ पास्त्याची युक्ती हीच. नेपल्सजवळ ग्रान्यानो नावाचं गाव आहे. तिथे पूर्वी पास्ता काठ्यांवर टांगून भर रस्त्यात वाळवत. अगदी आपल्या अंगणातल्या शेवयांसारखा! त्यांचा ड्युरम गहू म्हणजे आपल्या बन्सी गव्हाच्याच जातीचा.

पण वाळवलेलं टिकतं का? अन्न नासवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला पाणी लागतं. चांगल्या वाळलेल्या पास्त्यात १०० ग्रॅममागे साधारण १२ ग्रॅमच पाणी उरतं. तेवढ्यात त्यांचं भागत नाही. फ्रीजरची रीत वेगळी. तिथे उणे १८ अंशांवर पाण्याचा बर्फ होतो आणि जिवाणू नुसते झोपी जातात. मरत नाहीत बरं! ऊब मिळाली की पुन्हा जागे.

हे ऐकून मामाकडचा पाहुणाच म्हणाला, "मग लाईन गेली तर?"

"डब्याले लाईन लागत नाही," मागच्या बाकावरची म्हणाली. या वेळी सगळा वर्ग हसला, तीसुद्धा.

मात्र एक गोष्ट तिलाही सांगावी लागली. सरगुंडे एकदा शिजले की त्यांत पाणी परत आलं. आता ते 'डब्यातले' राहिले नाहीत. लहानपणी मी दुपारचे उरलेले गोड सरगुंडे दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप खाल्ले होते. वास थोडा आंबूस होता, पण हावरटपणा! दोन दिवस शाळा बुडाली. म्हणून लागतील तेवढेच उकळा आणि लगेच खा.

पालकांसाठी: फ्रीजर असेल तर पास्ता किंवा सरगुंडे किंचित कच्चे असतानाच उतरवा, म्हणजे पुन्हा गरम करताना त्यांचा लगदा होत नाही. निथळून तेलाचा हात लावा, पसरट डब्यात निववा आणि दोन तासांच्या आत आत ठेवा. खाताना चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका. उकळतं पाणी गाळायचं काम मोठ्यांचंच. आणि हो, काडीवर कणीक गुंडाळायला मुलांनाही बसवा. जेवतात तर तेही!

करून पाहा: मोठ्यांच्या मदतीनं १०० ग्रॅम कोरडे सरगुंडे, शेवया किंवा पास्ता उकळा. निथळून पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन म्हणजे उकळताना आत शिरलेलं पाणी. किती भरलं ते वहीत लिहा आणि मगच ताट वाढा.

तुमच्या,
पोंभुर्ण्याच्या मॅडम