आकड्यांची आरती

२०२४ च्या गणेशोत्सवातली गोष्ट. भोपाळच्या आम्हां मराठी मंडळींची सायंआरती आटोपली, प्रसाद वाटून झाला आणि तरुणांत एका चित्रपटाची चर्चा रंगली. चित्रपट 'कल्की २८९८ एडी', त्याच वर्षी २७ जून रोजी प्रदर्शित झालेला. कोणी सांगे, सहाशे कोटी रुपये खर्च झाला. कोणी सांगे, गल्ला हजार कोटींवर गेला. तिसऱ्याने लागलीच वजाबाकी करून चारशे कोटींचा नफा जाहीर केला, आणि चौथा उसासा टाकून म्हणाला, "मराठीला हे सात जन्मांत जमायचे नाही!" फोंड्याहून मुलाकडे आलेली एक आजी शेजारी वाती वळीत बसली होती. तिने मान वर करून विचारले, "पूण सिनेमा कसो आसलो रे?"

एकालाही उत्तर देता आले नाही. त्यांपैकी बहुतेकांनी चित्रपट पाहिला होता, हे विशेष!

त्याच आठवड्याच्या बैठकीत, मुलांसाठी दरवर्षी होणारे विज्ञानकथांचे वाचन बंद करावे अशी सूचना पुढे आली. कारण? श्रोते तीसच्या वर जात नाहीत. म्हणजे जो काटा चित्रपटाला लावला, तोच आता आपल्या मुलांच्या बुद्धीलाही लावावयाचा! म्हणूनच हा लेखप्रपंच.

प्रथम हिशेबच घेऊ. देवस्थानाचा हिशेब कसा असतो हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. फंडपेटी चारचौघांसमक्ष उघडते, पावत्या असतात, जमाखर्च महाजनांपुढे ठेवावा लागतो, आणि पालखीच्या तेलाचा खर्च वाढला तरी सभेत कोणी ना कोणी उभा राहून जाब विचारतो. मग ज्या आकड्याची पावती कोणी पाहिली नाही, त्याच्यापुढे आपण हात का जोडावे? चित्रपटाचा खर्च जाहिरातीतून कळतो आणि गल्लाही जाहिरातीतूनच.

बरे, हे आकडे खरे मानले तरी वजाबाकी चूकच आहे. गल्ला म्हणजे प्रेक्षकाने खिडकीत मोजलेला पैसा. शंभराहून अधिक दराच्या तिकिटावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर असतो, म्हणजे ११८ रुपयांतले १८ सरकारचे. उरलेल्यातून चित्रगृहाचा वाटा जातो. बहुपडदा चित्रगृहे आणि निर्माते यांचा २००९ साली तंटा मिटला, तेव्हा वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात निम्मा, पुढे साडेबेचाळीस, साडेसदतीस आणि शेवटी तीस टक्के असा उतरता ठरला. आता केवळ समजुतीसाठी सगळा हजार कोटींचा गल्ला देशातलाच आणि पहिल्याच आठवड्यातला धरा. कर वजा जाता सुमारे ८४७ कोटी उरतात आणि त्याचे निम्मे सुमारे ४२४ कोटी. सहाशे कोटींच्या खर्चापुढे ही तूटच झाली! उलटपक्षी दूरचित्रवाणीचे, संगीताचे आणि घरबसल्या पाहण्याचे हक्क विकून येणारा पैसा गल्ल्यात मोजलेलाच नसतो. तात्पर्य, हजार कोटी या शब्दावरून ना नफा कळतो, ना तोटा. आणि चित्रपट चांगला की वाईट, हे तर मुळीच कळत नाही.

दुसरा मोह तुलनेचा. मंगळयान ४५० कोटींत गेले, म्हणजे हॉलिवूडच्या 'ग्रॅव्हिटी' या चित्रपटाहून स्वस्तात, असे पंतप्रधानांनी २०१४ साली अभिमानाने सांगितले. २०२३ साली चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान ३ चा खर्च ६१५ कोटी. तेव्हा आता लोक म्हणणार, एका 'कल्की'त एक चंद्र! वाक्य टाळ्यांचे खरे, पण तराजू खोटा. एक पैसा जनतेचा, संसदेने मंजूर केलेला आणि लेखापरीक्षणास बांधलेला; दुसरा खाजगी व्यापाऱ्याने आपल्या जोखमीवर घातलेला. यानाच्या खर्चावरून चित्रपट उधळा ठरत नाही, आणि चित्रपटाच्या खर्चावरून शास्त्रज्ञ थोरही ठरत नाहीत. ते आपल्या कामाने थोर आहेत.

माझा रोख चित्रपटावर नाही, हे स्पष्ट सांगतो. जे जग अस्तित्वातच नाही ते पडद्यावर उभे करावयाचे तर पैसा लागणारच. दिग्दर्शक नाग अश्विन यांनी कलियुगारंभाचे इसवी सन पूर्व ३१०२ हे पारंपरिक वर्ष घेऊन त्यापुढे सहा हजार वर्षे मोजली आणि २८९८ हे साल काढले. पंचांगात गतकली वाचणाऱ्या माणसाला ही कल्पना आवडावी अशीच आहे. चिरंजीव अश्वत्थामा त्यात आहे. आणि मुख्य म्हणजे, त्या कथेत काशी हे जगातले अखेरचे शहर उरले आहे. खाली माणसे पाण्याला आणि श्वासाला महाग झालेली, तर वर अधांतरी मनोऱ्यात मूठभरांनी झाडे, पाणी आणि स्वच्छ हवा कोंडून ठेवलेली.

वाचकहो, ही कथा भोपाळच्या माणसाने पाहिली आणि तो गल्ल्यावर बोलला! ज्या नगरीत २ डिसेंबर १९८४ च्या रात्री हवाच विष झाली, तिथे! त्या रात्रीची किंमत १९८९ साली ४७ कोटी डॉलर अशी ठरली. मृत किती आणि बाधित किती यावर लोक दशकानुदशके झगडले, आणि वाढीव भरपाईची मागणी मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळली गेली. कारखान्याच्या आवारात साठलेला ३३७ टन विषारी कचरा गावाबाहेर जाण्यास जानेवारी २०२५ उजाडला. आकडा चुकला तर कोणाचा घास जातो, हे आम्ही जाणतो. विज्ञान माणसाला काय देते आणि त्याचे काय हिरावते हा विज्ञानकथेचा मूळ प्रश्न. तो आमच्याइतका दुसऱ्या कोणाचा आहे?

राहिला मराठीचा उसासा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मागाहून कळले की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. चित्रपटधंद्यात भांडवलाचा मोठा हिस्सा नावांवर खर्च होतो; इथे जगन्मान्य नाव मुद्दाम झाकून ठेवले, परीक्षकांनी कथा वाचावी म्हणून! खर्च कागदाचा आणि टपालाचा. पुढे याच लेखकाने 'वामन परत न आला' लिहिले. पुराणातले नाव त्यांनीही घेतले, ते यंत्रमानवाला दिले आणि वाचकाला विचारात पाडले. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. मराठीला काय जमते, हे ते पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून गेले होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. तीस मुले कथा ऐकावयास बसतात हा तोटा नव्हे. तीच आमची शिल्लक आहे. वाचन चालू राहिले पाहिजे. तरुणांनी चित्रपट अवश्य पाहावेत, मोठ्या खर्चाचेही पाहावेत. मात्र घरी परतल्यावर गल्ला सांगू नये. आजीच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे: "पूण सिनेमा कसो आसलो?"