दोनच मिनिटे!

परवाचीच गोष्ट. सहामाही परीक्षेचा पहिला दिवस. नातीची वेणीफणी लांबली, म्हणून तिला मोटारीतून शाळेत पोचवायला निघालो. शाळेच्या फाटकाशी ‘येथे वाहने उभी करू नयेत’ अशी ठळक पाटी आहे. पण आम्हां पुणेकरांच्या मते पाटी ही दुसऱ्यांनी वाचायची असते! मी नेमकी तिच्याखालीच गाडी लावली. ‘दोनच मिनिटे’ असे मनाशी म्हटले. मागच्यापुढच्या दहाजणांनीही तेच म्हटले असावे.

नातीला आत सोडून वळतो, तोच माझ्याच गाडीआडून एक चिमुरडा दप्तर सावरीत रस्त्यावर धावला. समोरून रिक्षा! रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला. पोर वाचले.

“दिसलाच नाही हो, आजोबा!” तो कापऱ्या आवाजात म्हणाला.

दिसणार कसा? सहा वर्षांच्या पोराचे डोके मोटारीच्या टपाखालीच राहते. आणि ताशी ३० किलोमीटरने येणारे वाहन एका सेकंदात आठ मीटर पुढे सरकते. शाळेच्या दाराशी वाहन उभे करू नये, हे रस्त्याच्या नियमांत १९८९ पासून लिहिलेले आहे, ते काही उगीच नव्हे.

घरी हे कुणालाच सांगितले नाही. तुम्हांला सांगतो आहे. आता गाडी दूर मैदानापाशी ठेवतो आणि नातीचे बोट धरून चालत जातो. वाटेत ती तेराचा पाढा म्हणते. पाटीखालची माझी जागा मात्र रोज भरलेलीच असते. तिथे गाडी लावणाऱ्या गृहस्थहो, हा अंक तुमच्याही घरी येतो, हे मला ठाऊक आहे!