चाकांवरचे घर आणि शेतकऱ्याचे शिवार

गोगलगाय आपले घर पाठीवर घेऊन हिंडते. माणसालाही तशी हौस असते. आरमारातून निवृत्त झालेले शल्यवैद्य डॉ. गॉर्डन स्टेबल्स हे १८८५ साली दोन घोड्यांच्या, घरासारख्या गाडीतून इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत गेले. पुढे घोड्यांची जागा यंत्राने घेतली. आजच्या मोटारहोममध्ये बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी आणि शौचालय एवढे सर्व सामावलेले असते. परंतु घर चाकांवर असले, तरी रात्री ते उभे करावयास कोणाची तरी भूमी लागतेच.

ब्रिटनमध्ये पुष्कळदा शेतकरीच ही भूमी देतात. १९६० च्या कायद्यानुसार, मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला मिळाल्यास शेतकऱ्याला त्या संस्थेच्या सभासदांच्या एका वेळी पाचपर्यंत गाड्या आपल्या जमिनीवर उतरवून घेता येतात. पाच ही संख्या लहान खरी. पण तीतच शहाणपण आहे. पाच गाड्या उतरल्या, तरी शेत हे शेतच राहते. पन्नास उतरल्या, तर त्याचा बाजार होतो. शेतकऱ्याच्या पदरी चार पैसे अधिक पडतात आणि शहरातील मुलांना आपले अन्न कोठून येते, हे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

“पैसे मोजले आहेत, मग हवे तसे का वागू नये?” असे कोणी विचारील. वरवर पाहता हा प्रश्न रास्त वाटतो. परंतु पैशाने रात्रीपुरती जागा मिळते, शेत मिळत नाही. पाहुण्याची जी विश्रांतीची जागा, तीच यजमानाची उपजीविका असते. पावसाने भिजलेल्या कुरणात तीन-साडेतीन टनांची गाडी घातली, तर चाकोऱ्या पडून गुरांचा चारा तुडवला जातो. शौचालयाची टाकी नेमून दिलेल्या जागी न रिकामी करता ओढ्यात ओतली, तर तेच पाणी गुरे पितात. मोकळा सोडलेला कुत्रा गाभण मेंढीच्या नुसता मागे लागला, तरी भयाने तिचा गर्भ जाऊ शकतो.

फाटकाचीच गोष्ट घ्यावी. तेथे १९५१ साली ग्रामीण भागात फिरणाऱ्यांसाठी नियमावली प्रसिद्ध झाली. तीत ‘सर्व फाटके लावून घ्यावीत’ असा नियम होता. आजचा नियम मात्र ‘फाटक जसे आढळले, तसेच ठेवावे’ असा आहे. फाटक उघडे राहिले, तर मेंढ्या रस्त्यावर येतात, हे खरे. परंतु गुरांना पाण्यापर्यंत जाता यावे म्हणून शेतकऱ्याने ते मुद्दाम उघडे ठेवले असेल, तर चांगल्या हेतूने लावून घेणाराही त्यांना तहानलेले ठेवतो. म्हणून पाहुण्याचा केवळ हेतू चांगला असून भागत नाही. त्याने यजमानाची रीत विचारून घेतली पाहिजे.

महाराष्ट्र शासनानेही २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. तेव्हा हा विचार येथेही अगत्याचा आहे. पिण्याचे पाणी आणि मैला टाकण्याची सोय पुरविणे हे यजमानाचे कर्तव्य होय. जमीन आली तशीच परत करणे, हे पाहुण्याचे. सकाळी गाडी निघून गेल्यावर शेतकऱ्याला शेतात निस्तरावयास काही उरले नाही, तरच पुढच्या प्रवाशासाठी त्याचे फाटक आनंदाने उघडेल.