मीटर कोणाच्या नावाचा?



गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याजवळ 3,300 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. त्याच जिल्ह्यातल्या एका गावात आमची एक मैत्रीण दोन लेकरांसह सात महिने चिमणीच्या उजेडात राहिली. गावात वीज होती, तारा तिच्या दारावरूनच जात होत्या. नवऱ्याने टाकल्यावर ती सासरच्या मागच्या खोलीत राहू लागली. दिराच्या मीटरवरून एक वायर तिच्याकडे आली होती. तिने पोटगीचा अर्ज केला आणि दुसऱ्याच दिवशी दिराने ती वायर ओढून काढली. दिवस रोवणीचे, खोली धानाच्या बांधीला लागून, रात्री सापाची भीती. तिला कुणी हात लावला नव्हता, म्हणून गावाच्या लेखी काही घडलेच नव्हते!

"नवा मीटर घे," असे आम्ही सहज सांगून टाकले. कार्यालयात तिला विचारले गेले, "घर कोणाच्या नावावर? नवऱ्याची सही कुठे? सासऱ्याची ना-हरकत आणा." तिसऱ्या खेपेला मी सोबत गेले. तेच ऐकून परत आले. समाजकार्याची पदवी असूनही उत्तर मला ठाऊक नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

उत्तर कायद्यात होते. वीज कायदा 2003, कलम 43 : जागेच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने मागितल्यास वीज देणे बंधनकारक आहे. घरमालक ना-हरकत देत नाही म्हणून वीज नाकारता येणार नाही, अर्जदार तिथे राहते की नाही एवढेच पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये स्पष्ट केले. ग्राहक हक्क नियमांतील 2024 च्या दुरुस्तीनुसार ग्रामीण भागात जोडणीची मुदत 15 दिवसांची आहे.

आम्ही हे सारे लिहून अर्ज दिला, पोच घेतली, डिमांड भरली. मीटर लागला. घरटॅक्सच्या पावतीवर सासरा, सातबाऱ्यावर नवरा. त्या घराच्या कागदांत तिचे नाव पहिल्यांदा आले ते वीजबिलावर.

पण इथे थांबून चालणार नाही. वीजजोडणीने घरावर मालकी येत नाही, हे नियमांतच म्हटले आहे. मालकीसाठी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर पती-पत्नी दोघांची नावे लावून घेण्याची लढाई वेगळी आहे. आणि वीज तोडणे हा 'घरगुती वाद' समजू नका. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 च्या कलम 3 नुसार घरातल्या सोयीसुविधा वापरू न देणे हा आर्थिक छळ आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करताना तुटलेली वायरही लिहा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचे वीजबिल आणावे. नाव कोणाचे आहे ते मोठ्याने वाचावे. आपल्यातली कोण दुसऱ्याच्या वायरवर जगते आहे, ते तिथेच कळेल. तिला एकटीला कार्यालयात पाठवू नका. तोंडी नकार ऐकून परतू नका, लेखी मागा. ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यापुढे नागपूरला विद्युत लोकपाल आहेत. तिथे वकील लागत नाही.

कुणाच्या मर्जीवर विझणारा दिवा आपला नव्हे. आपल्या घरातल्या दिव्याचे बटण आपल्या हातात हवे, एवढीच ही मागणी आहे.