सल्लागारांची परिषद आणि गुरूंचें मौन

एखाद्या धंद्याची परिषद भरूं लागली म्हणजे त्या धंद्याची गरज समाजांत मुरली आहे असें समजावें. वैद्यांची परिषद भरते, कारण रोग आहेत; वकिलांची भरते, कारण तंटे आहेत. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानें व कॅनडा येथील विद्यापीठांत डॉक्टरेटचे विद्यार्थी आणि 'पोस्टडॉक' यांना उपजीविकेचा मार्ग दाखविणारे पगारी सल्लागार असतात. त्यांची 'ग्रॅज्युएट करिअर कन्सॉर्शिअम' नांवाची संघटना आहे व तिची वार्षिक परिषद भरत असते. अनुभवांची देवघेव होते, नवीन युक्त्या एकमेकांस शिकविल्या जातात, आणि मंडळी आपापल्या विद्यापीठांत परत जातात. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ही परिषद कोणत्या रोगाची खूण आहे, हा प्रश्न सुज्ञ मनुष्याच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. देशांत जो सर्वांत अधिक शिकला, त्यालाच 'आतां पुढें काय करूं?' हें विचारण्यासाठीं कचेरीची पायरी कां चढावी लागावी?

आमचें उत्तर स्पष्ट आहे. जें काम गुरूनें करावयाचें तें गुरूनें टाकलें, म्हणून तें सल्लागाराच्या गळ्यांत पडलें. आणि जें काम विद्यापीठाच्या चालकांचें, म्हणजे पदव्यांची संख्या व जागांची संख्या यांचा मेळ घालणें, तें कोणाच्याच गळ्यांत पडलेलें नाहीं. सल्लागारांवर आमचा रोष नाहीं. त्यांच्या आडोशाला जे निवांत बसले आहेत त्यांच्यावर आहे.

प्रथम स्थिति काय आहे तें पाहूं. अमेरिकेंतील पहिल्या पीएच.डी. पदव्या येल विद्यापीठानें १८६१ सालीं दिल्या. त्या अवघ्या तीन होत्या. १८७६ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघालें आणि जर्मन धर्तीचें संशोधनप्रधान शिक्षण तेथें रुजलें. पुढें १९०३ सालीं विल्यम जेम्स या तत्त्वज्ञानें 'दि पीएच.डी. ऑक्टोपस' या मथळ्याचा लेख लिहून या पदवीच्या वाढत्या विळख्याविरुद्ध तक्रार केली. पदवी ही विद्वत्तेची खूण न राहतां नोकरीच्या दारावरचा शिक्का होऊं लागली आहे, असा तिचा मथितार्थ होता. आज त्या देशांत दरसाल पन्नास हजारांहून अधिक डॉक्टरेट दिल्या जातात. जेम्सच्या काळीं शिक्का दाखविला म्हणजे दार बहुधा उघडत असे. आतां शिक्का हातीं घेऊन दाराबाहेर रांग लागली आहे.

हें कसें झालें तें विज्ञानशाखांच्या व्यवहारावरून चांगलें समजतें. प्राध्यापक सरकारी अनुदान मिळवितो. त्यांतून विद्यार्थ्यांचें वेतन निघतें. विद्यार्थी प्रयोग करतात. प्रयोगांवर निबंध छापले जातात. आणि निबंधांच्या जोरावर पुढचें अनुदान येतें. या रहाटगाडग्यांत विद्यार्थी हा शिष्य असतो तसाच स्वस्तांत राबणारा हातही असतो. एक प्राध्यापक आयुष्यांत कित्येक डॉक्टर तयार करतो, पण त्याची स्वतःची जागा एकच. आणि १९९४ पासून तेथील कायम प्राध्यापकांना सक्तीनें निवृत्त करण्याचा नियम उठल्यामुळें तीही लवकर मोकळी होत नाहीं. 'नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ' या सरकारी संस्थेचें अंदाजपत्रक १९९८ ते २००३ या पांच वर्षांत दुप्पट झालें. प्रयोगशाळा वाढल्या, त्यांबरोबर विद्यार्थी वाढले. मग पैशाची वाढ थांबली. विद्यार्थी घेण्याची संवय मात्र थांबली नाहीं. ज्यांना जागा मिळाली नाहीं ते पोस्टडॉक म्हणून राहिले, म्हणजे डॉक्टर होऊनही दुसऱ्याच्या प्रयोगशाळेंत मुदतीच्या करारावर उमेदवारी करीत राहिले. तिशी ओलांडलेला, बायकामुलें असलेला हा उमेदवार आमच्या जुन्या पेढींतल्या उमेदवारापेक्षां फारसा निराळा नाहीं. फरक इतकाच, कीं पेढींतल्या उमेदवाराला पुढें आपण कारकून होणार हें ठाऊक असे.

या स्थितीचें समर्थन करणाऱ्यांचे पूर्वपक्ष तीन आहेत.

पहिला असा, कीं विद्या ही पोटासाठीं नसते. ज्याला पोटाची चिंता त्यानें संशोधनाच्या वाटेस जाऊं नये. हें वाक्य बहुधा तोच मनुष्य बोलतो, ज्याचा पगार दरमहा बिनचूक येतो. १९१७ सालीं म्यूनिक येथें विद्यार्थ्यांच्या एका संघानें मॅक्स वेबर यास 'विज्ञान हा व्यवसाय' या विषयावर व्याख्यानास बोलाविलें होतें. विद्येच्या आंतरिक हांकेविषयीं त्या व्याख्यानांत जें विवेचन आहे तें प्रसिद्ध आहे. पण त्यानें आरंभ तेथून केला नाहीं. आरंभीं त्यानें नेमणुका कशा होतात, उपजीविका किती अनिश्चित असते, लायक मनुष्य मागें कसा राहतो व नशिबाचा भाग किती मोठा असतो, हें सांगितलें. तुझ्याहून सामान्य माणसें वर्षानुवर्षें तुझ्यापुढें जातील, तें तुला मन न विटतां सोसवेल काय, असें तो उमेदवारास विचारीत असे. वेबर हा पगारी सल्लागार नव्हता. तो गुरु होता, आणि पोटाविषयीं बोलल्यानें विद्या बाटते असें त्यास वाटलें नाहीं.

आपल्याकडील लोक येथें डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचें उदाहरण पुढें करतात. १९११ सालीं कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेल्या या विद्वानाला स्वदेशीं कायमचें अध्यापनपीठ लाभलें नाहीं. तरी भागीदार व वर्गणीदार जमवून त्यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले. मग आजच्या पदवीधरांनींच रडगाणें कां गावें? उत्तर सोपें आहे. जो तरला त्याचें चरित्र लिहिलें जातें. जे बुडाले त्यांची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. शिवाय खुद्द केतकरांचे अखेरचे दिवस हलाखींत गेले. त्यांचा पराक्रम हा त्यांचा गौरव आहे. ज्या समाजानें त्यांस तो करावयास लावलें त्याच्या हातीं ती पावती कशी काय जाते?

दुसरा पूर्वपक्ष असा, कीं विद्यार्थी सज्ञान आहेत, ते डोळे उघडे ठेवून येतात. डोळे उघडे असले तरी पाहण्यास कांहीं ठेवलेलें असावें लागतें. आमच्या विभागांतून डॉक्टर झालेलीं माणसें दहा वर्षांनंतर कोठें आहेत, हें सांगणारा तक्ता किती विभाग प्रवेशाच्या वेळीं पुढें ठेवतात? २०१७ सालीं अमेरिकेंतील नऊ विद्यापीठें आणि एक कर्करोग-संशोधन संस्था यांनीं, जीवशास्त्रीय शाखांपुरती अशी माहिती एकसारख्या नमुन्यांत प्रसिद्ध करण्याचें वचन दिलें. तें स्तुत्यच होतें. पण पहिल्या पदवीनंतर १५६ वर्षांनीं असें वचन द्यावें लागलें, यांतच मागील काळाचा निकाल आहे. बाजारांतल्या दुकानदाराचीं वजनेंमापें सरकार तपासतें. तरुणाच्या आयुष्यांतील सहासात वर्षें मोजून घेणाऱ्या विद्यापीठाचें माप कोणीच तपासीत नाहीं.

तिसरा पूर्वपक्ष अधिक भारदस्त आहे: विद्यार्थ्यांची संख्या घटविली तर ज्ञानाची हानि होईल, म्हणून ती घटवितां येत नाहीं. याला उत्तर २०२५ सालानें दिलें. सरकारी अनुदानांवर गदा येतांच त्या देशांतील कित्येक विद्यापीठांनीं डॉक्टरेटचे प्रवेश कमी केले, कांहीं विभागांनीं ते थांबविले. ती गदा योग्य होती असें आम्ही म्हणत नाहीं. तिनें विद्येचें नुकसानच केलें. पण एक गोष्ट उघडी पडली. प्रवेशाचा आंकडा इतके दिवस अनुदानाच्या थैलीकडे पाहून ठरत होता. शिष्यांच्या भवितव्याकडे पाहून नव्हे. जी संख्या पैशासाठीं एका हंगामांत कमी करतां आली, ती माणसांसाठीं तीस वर्षांत कमी करतां आली नाहीं.

आतां सल्लागारांकडे वळूं. त्यांचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या गुणांची व आवडींची छाननी करून पुढील आराखडा आंखावा, यासाठीं २०१२ सालीं 'मायआयडीपी' हें साधन निघालें. साहित्य व समाजशास्त्रें शिकणाऱ्यांसाठीं २०१७ सालीं या संघटनेनेंच 'इमॅजिनपीएचडी' सिद्ध केलें. प्राध्यापकीखेरीज दुसरें जग आहे व तेथें जाणें म्हणजे पतित होणें नव्हे, हें विद्यार्थ्याला पहिल्यानें कोणी सांगितलें असेल तर या मंडळींनीं. कित्येक विद्यार्थ्यांना गुरूपासून लपून त्यांच्याकडे जावें लागतें, ही गुरुवर्गास लाज आणणारी गोष्ट आहे.

तरीही त्यांच्या परिषदेस दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला, तुम्ही भेटतां केव्हां? बोस्टन शहरांत १९०८ सालीं फ्रँक पार्सन्स यानें व्यवसायमार्गदर्शनाची कचेरी काढली, ती तरुणानें धंदा निवडण्यापूर्वीं त्यास सल्ला मिळावा म्हणून. डॉक्टरेटचा विद्यार्थी तुमच्याकडे येतो तो बहुधा चौथ्यापांचव्या वर्षीं, वाट संपत आल्यावर. दुसरा प्रश्न, तुम्ही बोलतां कोणाशीं? तुमचा सारा उपदेश एकट्या विद्यार्थ्यास आहे: अर्ज असा लिही, ओळखी अशा वाढव, प्रयोगशाळेंत शिकलेल्या गोष्टी कारखानदाराच्या भाषेंत अशा मांड. उपदेश उपयोगी आहे. पण त्याचा ध्वनि असा निघतो, कीं जागा मिळाली नाहीं तर तुझ्या मांडणींत कसर होती. नावेला भोंक पडलें असतां उतारूंना पोहावयास शिकविणारा मनुष्य भलाच. पण नाव कोणाची व भोंक कां बुजविलें नाहीं, हें त्यानें एकदां तरी मोठ्यानें विचारावें. त्याचा पगार नावेचा मालकच देतो, म्हणून तो विचारूं शकत नाहीं, ही अडचण आम्हांस कळते. एकट्यास जें बोलवत नाहीं तें बोलण्यासाठींच परिषदा असतात.

पुण्यानागपुराकडील ज्या घरांतला मुलगा वा मुलगी तिकडे संशोधनास गेली आहे, त्या घरांना या प्रकरणाची झळ अधिक लागते. परदेशी विद्यार्थ्यास पदवीनंतर बारा महिने, व विज्ञानतंत्राच्या शाखांत आणखी चोवीस महिने, काम करण्याची मुभा असते. पहिल्या बारा महिन्यांत नव्वद दिवसांहून अधिक बेकार राहिल्यास ती मुभा जाते. सरकारच्या ज्या शिष्यवृत्त्यांवर वैद्यकसंशोधनांतले कित्येक स्थानिक तरुण उभे राहतात, त्या नागरिक व कायम रहिवासी यांनाच मिळतात. अशाला 'मनास रुचेल तें सावकाश शोध' हा सल्ला देणें म्हणजे आगगाडीमागें धांवणाऱ्यास वाटेवरचीं फुलें दाखविणें होय. त्याला प्रयोगशाळा सोडवत नाहीं, कारण प्रयोगशाळेबरोबर देशही सोडावा लागतो. असा हात प्राध्यापकास सर्वांत सोयीचा पडतो, हें निराळें सांगावयास नको.

आणि तिकडे बोट दाखवून आपण सुटतों असेंही नाहीं. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं विद्यापीठविभागांतील सहायक प्राध्यापकास २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची केली, मग ती मुदत २०२३ पर्यंत लांबविली, आणि २०२३ सालीं सक्तीच उठविली. मधल्या वर्षांत ज्यांनीं त्या अटीसाठीं धांव घेतली, त्यांपैकीं अनेक जण आज महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, तासांच्या हिशेबानें, शिकवीत आहेत. त्यांना सल्ला देणारी कचेरी आपल्या बहुतेक विद्यापीठांत नाहीं. अमेरिकेंत निदान जखमेवर पट्टी बांधणारे आहेत. येथें जखम आहे हेंच कोणी मानीत नाहीं.

मग करावें काय? गोष्टी फार अवघड नाहींत. प्रत्येक विभागानें मागील दहा वर्षांच्या डॉक्टरांचा ठावठिकाणा प्रवेशपत्रिकेबरोबर छापावा. सल्लागाराची खुर्ची बाहेर जाण्याच्या दाराशीं आहे, ती आंत येण्याच्या दाराशीं मांडावी. प्रयोगशाळांचें नित्याचें काम उमेदवारांकडून करवून घेण्याऐवजीं कायम पगारी शास्त्रज्ञ नेमावेत. हें तर २०१४ सालीं ब्रूस आल्बर्ट्स, मार्क किर्शनर, शर्ली टिलमन आणि हॅरल्ड व्हार्मस या चार मान्यवर वैज्ञानिकांनींच लिहून ठेवलें आहे. आणि प्राध्यापकाचें मूल्यमापन करतांना त्यानें किती निबंध छापले याबरोबर त्याच्या हाताखालून गेलेल्यांचें पुढें काय झालें, हेंही विचारलें जावें.

याला खर्च येईल, संशोधनाची गति थोडी मंदावेल, आणि कांहीं प्रयोगशाळा लहान होतील. तें आम्हांस मान्य आहे. तरुणांच्या उमेदीच्या वर्षांवर चालणारी गति कोणाच्या पैशानें धांवते याचा हिशेब ज्यांनीं कधीं मांडला नाहीं, त्यांना तो आतां मांडावा लागेल. तो मांडला जाईपर्यंत सल्लागारांच्या परिषदा दरवर्षीं भरत राहतील. त्यांचें काम वाढत जाईल, आणि तें वाढत आहे म्हणून अभिनंदन करून घेण्याची वेळ मात्र कोणत्याच विद्यापीठावर येऊं नये.