चुकीच्या तारखेला ‘से अगेन’ म्हणावे

संगणक काळ मोजतो तो सेकंदांत. युनिक्सच्या पद्धतीत १ जानेवारी १९७० ची युटीसी मध्यरात्र म्हणजे शून्य सेकंद. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. दिवस, महिना आणि वर्ष यांचे असे सेकंद करण्यासाठी सी भाषेत ‘एमकेटाइम’ हे फंक्शन आहे. प्रॅक्टिकलला आपण ते वापरतो आणि आकडा आला की वही तपासायला देतो. माझ्या मते, नुसता आकडा आला म्हणून पूर्ण गुण मिळू नयेत.

या फंक्शनला महिने ० ते ११ असे द्यावे लागतात. म्हणजे जूनसाठी ५ लिहायचे. एनडीए (१) २०२५ साठी जन्मतारीख २ जुलै २००६ ते १ जुलै २००९ या काळातली हवी होती. समजा, ही पात्रता तपासणारा प्रोग्राम कोणी लिहिला आणि महिन्यातून एक वजा करायचे राहिले. मग २० जून २००९ ला जन्मलेला मुलगा २० जुलैचा ठरेल आणि पात्र असूनही बाद होईल. पडद्यावर एकही एरर येणार नाही.

३१ फेब्रुवारी २०२६ ही तारीख दिली, तरी एमकेटाइम तक्रार करत नाही. गुपचूप ३ मार्च धरते. काही जण म्हणतील, ही तर सोय आहे. खरेच आहे. आजच्या तारखेत ४५ दिवस मिळवायचे असतील तर ती फार उपयोगी पडते. पण फॉर्ममध्ये कोणी ३१ जून लिहिले, तर त्याला ३० जून म्हणायचे होते की १ जुलै, हे संगणकाने परस्पर ठरवू नये. वायरलेसवर निरोप अस्पष्ट आला तर आपण अंदाज बांधत नाही, ‘से अगेन’ म्हणतो. प्रोग्रामनेही तेच करावे.

उपाय थोड्या ओळींचा आहे. एमकेटाइम आपण दिलेले आकडेच बदलते, म्हणून आधी त्यांची प्रत ठेवावी. नंतर दोन्ही ताडून पाहावेत आणि जुळले नाहीत तर तारीख पुन्हा मागावी. महिन्याची चूक मात्र यात सापडत नाही, कारण ६ हाही चालणारा आकडा आहे. त्यासाठी मिळालेल्या सेकंदांवरून तारीख परत छापावी, महिना नावाने, आणि मूळ तारखेशी डोळ्यांनी जुळवावी.

सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेशासाठी ३१ मार्च रोजीचे वय पाहतात. तिथे एका दिवसाने काय होते, हे आपल्या पालकांना सांगायला नको. म्हणून सरांना विनंती आहे की, प्रॅक्टिकलला एक चुकीची तारीखही द्यावी. ती नाकारणाऱ्या प्रोग्रामलाच पूर्ण गुण मिळावेत.