रुई गेली, अळी राहिली

परळ-लालबागच्या गिरण्यांत एके काळी वऱ्हाड-खानदेशच्या रुईच्या गाठी येत असत. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. परंतु एक गोष्ट तेव्हा होती तशीच आजही आहे : रुई शहराकडे जाते, सरकी मात्र गावाजवळच्या जिनिंगमध्ये राहते, आणि गुलाबी बोंडअळी सरकीतच दडते. म्हणून या किडीचा खरा उपाय औषधाच्या बाटलीत नसून हंगाम वेळेवर संपविण्यात आहे.

या अळीचा पतंग गेलेचिडी कुळातील असून त्याचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला असे आहे. तत्कालीन मुंबई इलाख्यातील भडोच येथे १८४२ साली कपाशीवर आढळलेल्या या किडीचे वर्णन सॉन्डर्स यांनी केले. पुढे तो इजिप्तला, तेथून मेक्सिकोस व १९१७ मध्ये अमेरिकेतील टेक्सासला पोहोचला. समुद्र त्याने पंखांच्या बळावर नव्हे, सरकीत बसून ओलांडला.

मादी पात्या, फुले व कोवळी बोंडे यांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघून आत शिरते व तिचे छिद्र बुजून जाते. बोंड बाहेरून निरोगी दिसते, फवारा आत पोहोचत नाही. फुलाची डोमकळी झाली किंवा वेचणीत कवडी कापूस आला, म्हणजेच तिचा पत्ता लागतो. सुमारे महिन्याभरात एक पिढी पुरी होते. हंगामाच्या अखेरच्या अळ्या मात्र दोन सरक्या जोडून त्यांत कित्येक महिने सुप्त राहतात.

बीटी कपाशीस २००२ मध्ये परवानगी मिळाली; पुढे ही अळी तिच्या दोन्ही विषांस दाद देईनाशी झाली. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात पीक हातचे गेले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने अनेक शेतकरी व मजूर दगावले. केवळ फवाऱ्यावर भिस्त ठेवणे किती महाग पडते, याचा याहून कठोर दाखला नको.

फरदडीतून चार पैसे मिळतात, हे खरे. गरजू शेतकऱ्यास त्याबद्दल दोष देणे योग्य नव्हे. परंतु एकाची फरदड ही साऱ्या शिवाराच्या अळीची पाणपोई ठरते. एकट्याने पऱ्हाटी उपटून भागत नाही. डिसेंबरअखेर पीक काढण्याचा निर्णय ग्रामसभेतच व्हावयास हवा. जिनिंगवाल्यांनीही आवारात कामगंध सापळे लावावेत आणि किडकी सरकी नष्ट करावी. केवळ शेतकऱ्यास उपदेश करून हे काम होणार नाही.

अमेरिकेने २०१८ मध्ये या किडीचे उच्चाटन जाहीर केले. तेथे बीटी वाण व वंध्य पतंग यांच्या जोडीस पऱ्हाटी वेळेवर नष्ट करण्याची शिस्तही होती. आपल्याकडे ही शिस्त गावानेच स्वीकारावयाची आहे. ग्रामसेवकांनी व कृषी सहाय्यकांनी त्यासाठी पहिली बैठक बोलवावी ती बोंडे किडल्यावर नव्हे, तर पेरणीपूर्वीच.